पिनबॉयची नजर यंत्रात कशी उतरली?

एप्रिल १९१०, ब्रुकलिन. रात्रीचा एक वाजला आहे. बालमजुरांची छायाचित्रे टिपत अमेरिकाभर हिंडणारा लुईस हाइन एका बोलिंग ॲलीत कॅमेरा लावतो. कामावरची मुले ओळीने उभी राहतात. त्यांच्याहून लहान अशा तिघांना मात्र मालकाने चित्रात येऊ दिले नाही, अशी नोंद हाइनने करून ठेवली आहे.

ही मुले म्हणजे पिनबॉय. ६० फूट लांबीच्या लाकडी पट्टीच्या टोकाला त्रिकोणात मांडलेल्या १० पिना खेळाडू जड चेंडूने पाडतो. पट्टीमागच्या खड्ड्यावरील कठड्यावर पिनबॉय पाय वर घेऊन बसे. चेंडू आदळला की खाली उडी घ्यायची, पडलेल्या पिना बाजूला करायच्या आणि चेंडू परत धाडायचा. उडालेली दीड किलोची पिन नडगीवर बसण्याची भीती कायमची.

या मुलाचे हात यंत्राला देता येण्याजोगे होते. कठीण होती ती नजर. एका फेरीत चेंडू दोनदा टाकता येतो. धक्क्याने सरकलेली, पण उभी राहिलेली पिन दुसऱ्या चेंडूसाठी सरकलेल्या जागीच राहिली पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे कोणती पिन उभी आहे आणि नेमकी कोठे, हे आधी कळायला हवे.

गॉटफ्रीड श्मिट या अभियंत्याने १९३०च्या दशकात हा प्रश्न हाती घेतला. पिना हवेच्या ओढीने उचलण्याची त्याची कल्पना एएमएफ कंपनीने विकत घेतली. महायुद्धाच्या काळात पिनबॉय मिळेनासे झाले होते. १९४६ मध्ये बफेलो येथे यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि १९५२ पासून यंत्रे ॲलींमध्ये बसू लागली. ब्रन्सविकचे यंत्रही पाठोपाठ आले.

पुढे हवेच्या ओढीची जागा चिमट्यांनी घेतली. त्या यंत्रांत नजरेचे काम साध्या स्विचांनी केले. चेंडू मागच्या जाड गादीवर आदळतो, गादी हलते, स्विच दबतो आणि यंत्र जागे होते. पट्टीवर एक आडवी फळी उतरून वाट अडवते. मग वरून १० चिमट्यांचे टेबल खाली येते. चिमटा पिनेच्या मानेवर अडला तर ती उभी आहे. रिकामाच मिटला तर पडली. प्रत्येक चिमट्याचे हे उत्तर विजेच्या मार्गाने पुढे जाते आणि खेळाडूसमोरच्या फलकावर उभ्या पिनांचे दिवे लागतात. टेबल त्या पिना जशाच्या तशा उचलते, फळी पडलेल्या पिना मागे लोटते आणि उभ्या पिना पुन्हा सरकलेल्या जागीच टेकतात. दहाही चिमटे रिकामे मिटले, तर तो ‘स्ट्राइक’. मग नवा संच मांडला जातो. ब्रन्सविकची युक्ती अधिकच साधी होती: पिनांची डोकी आड आली नाहीत, तर टेबल नेहमीपेक्षा खोल उतरते, आणि ती जास्तीची उतरणच स्ट्राइकची खूण ठरते.

चिमट्याच्या कक्षेबाहेर सरकलेली पिन मात्र यंत्राला पकडता येत नाही. टेबल तिच्या डोक्यावर टेकते, एक वेगळा स्विच दबतो आणि सारे जागच्या जागी थांबते. तेव्हा पट्टीमागच्या अरुंद वाटेने एक कामगार येतो आणि ती पिन आपल्या डोळ्यांनी पाहतो.