आजी वाचली म्हणून?

संग्रामपूर तालुक्यात, वरवट बकालच्या बाजूला, सोयरिकीच्या बैठकीत कुणी मुलीचं वय काढलं की उत्तर ठरलेलं असतं: "आमच्या बुढीचं तेराव्या वर्षी लग्न झालं, चौदाव्या वर्षी लेकरू. काय झालं तिले?"

असं म्हणणारे निष्ठुर नसतात. त्यांची बाजू पुऱ्या ताकदीने मांडायची तर अशी: पूर्वी हेच चालत आलं, बाया धडधाकट राहिल्या. आता तर वरवट बकालला ग्रामीण रुग्णालय आहे, गावात आशाताई आहे, १०८ची गाडी आहे. शिवाय आईबाप मजुरीला गेल्यावर वयात आलेली पोर एकटी ठेवण्यापेक्षा तिचे हात पिवळे केलेले बरे. यातली काळजी खरी आहे. निष्कर्ष खोटा आहे.

आधी बुढीची साक्ष तपासू. ती ओट्यावर बसून बोलते. पहिल्याच बाळंतपणात गेलेली तिच्या वयाची सून साक्षीला कुठून येणार? जी वाचली तिचीच कहाणी घरात उरते. बुढीलाच विचारा, जन्मलेल्यांतली किती लेकरं हाती लागली? आनंदीबाई जोशींचं लग्न नवव्या वर्षी झालं, चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. पुढे १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झालेल्या या बाईंनी प्रबंधासाठी विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचा. तो योगायोग होता का? परंपरेचाच दाखला हवा असेल तर लोकमान्य टिळकांचा घ्या. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी कडाडून विरोध केला. पण मुलीचं लग्न सोळाच्या आत करू नये, हे समाजाने स्वतःहून पाळावं, अशी सूचनाही त्यांचीच होती. भांडण होतं ते सरकारच्या हस्तक्षेपाशी. तेराव्या वर्षाची वकिली टिळकांनीही केली नाही.

"पाळी आली म्हणजे अंग तयार झालं" हा समज तर शरीरशास्त्रालाच धरून नाही. पाळीनंतरही काही वर्षं कमरेची हाडं वाढत राहतात. ती वाढ पुरी नसताना बाळंतपण अडतं. राज्यातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात मुळात रक्त कमी. त्यात पोरीची स्वतःची वाढ आणि पोटातल्या बाळाची वाढ एकाच ताटातून. झटके, जंतुसंसर्ग, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, या सगळ्याचा धोका विशीतल्या आईपेक्षा हिला जास्त.

"पण दवाखाना आहे ना!" आहे. प्रश्न असा, की ही पोर तिथे पोचते कधी आणि कोण म्हणून? अठराच्या आतली गरोदर मुलगी समोर आली की पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. घरच्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून नाव उशिरा नोंदवलं जातं, किंवा शाळेच्या दाखल्यावर सोळा वर्षांची असलेली पोर माता-बाल कार्डावर एकोणीस वर्षांची होते. पायांवर सूज येते, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. सासू म्हणते, पहिलटकरणीला होतंच असं. खरं तर तेव्हाच दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायला हवा होता. झटके आल्यावर खामगाव किंवा अकोल्याची धावाधाव सुरू होते. जिला लपवून ठेवलं, तिला जवळचा दवाखानाही लांबच. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व पालकांनी विनंती केल्यास पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केलं. गावात हे किती जणांना ठाऊक आहे?

राहिला अब्रूचा मुद्दा. लग्नाने पोर सुरक्षित होते म्हणे! आपल्या देशात विशीच्या आतल्या बहुतेक गरोदरपणांना लग्नाचंच कुंकू असतं. ज्या संकटाला भिऊन लग्न लावलं, तेच संकट मांडवातून घरात येतं. वर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर अठराच्या आतल्या बायकोशी शरीरसंबंध हा बलात्कारच ठरतो. म्हणजे जावईही आरोपी. याला सुरक्षितता म्हणायचं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) आकडे पाहा. २० ते २४ वयाच्या स्त्रियांत अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण देशात २३.३ टक्के, महाराष्ट्रात २१.९. आपण जरा बरे. पण १५ ते १९ वयात आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या मुली देशात ६.८ टक्के आणि महाराष्ट्रात ७.६. फुले-आगरकरांचं नाव घेणाऱ्या राज्याला हे शोभतं का, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

आणि निवाडा झाला असेल तर एवढं करा: सोयरिकीचं बोलावणं आलं की मुलीचा शाळेचा दाखला मागा. वय अठराच्या आत निघालं तर ग्रामसेवकाला कळवा. गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच आहे. तिथे संकोच वाटला तर १०९८ लावा. तो क्रमांक चोवीस तास चालू असतो.