राउटरचं फर्मवेअर निवडताय? आधी या निळ्या-काळ्या डब्याची गोष्ट ऐका

ऐकायला निवांत वेळ नसेल त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड लिहून काढलाय.

बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो: "दादा, घरच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकू, डीडी-डब्ल्यूआरटी टाकू की फ्रेशटोमॅटो?" फोनवर कस्टम रॉम टाकतात तसंच हे प्रकरण आहे. कंपनीनं दिलेलं सॉफ्टवेअर काढायचं आणि दुसऱ्यांनी बनवलेलं बसवायचं. मग याची तुलना आपण फोनसारखीच करायला जातो. याच्यात हे फीचर, त्याच्यात ते फीचर. मीसुद्धा तेच केलं होतं. थर्ड इयरला असताना तिघा रूममेट्सनी वर्गणी काढून एक राउटर घेतला होता. मॉडेलचं नाव जुळलं म्हणून मी बिनधास्त फाइल चढवली. त्यानंतर पॉवरचा दिवा फक्त लुकलुकत राहिला. खालच्या स्टिकरवर 'व्हर्जन' नावाचा बारीक आकडा होता, तो मी वाचलाच नव्हता. वर्गणी परत द्यायला मला दोन महिने लागले.

तो बारीक आकडा एवढा महत्त्वाचा का, हे समजायला २००२ मध्ये जावं लागेल.

त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत लिंकसिस कंपनीनं डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राउटर आणला. निळा-काळा डबा, मागे दोन अँटेना. आत ब्रॉडकॉमची चिप, ४ एमबी फ्लॅश आणि १६ एमबी रॅम. आज व्हॉट्सॲपवर येणारा एखादा गुड मॉर्निंगचा व्हिडिओसुद्धा त्या फ्लॅशमध्ये मावणार नाही. २००३ मध्ये सिस्कोनं सुमारे ५० कोटी डॉलर मोजून लिंकसिस विकत घेतली. त्याच वर्षी जूनमध्ये अँड्र्यू मिक्लास या प्रोग्रामरनं लिनक्स कर्नलच्या डेव्हलपर्सना कळवलं की या डब्याच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स आहे, पण सोर्स कोड कुठेच दिलेला नाही.

आता लिनक्सचं लायसन्स म्हणजे जीपीएल. ते सांगतं, वापरा, विका, पैसे कमवा. पण ज्याला वस्तू विकली त्याला कोड मागण्याचा हक्क आहे. ५० कोटींची कंपनी घेतली आणि सोबत ही उधारीही आली! अखेर लिंकसिसनं कोड खुला केला.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढचा भाग सहसा गाळला जातो, आणि फर्मवेअर निवडताना नेमका तोच कामाचा असतो. वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे रेडिओ चालवणारा तुकडा, ब्रॉडकॉमचा होता आणि तो फक्त तयार बायनरी स्वरूपात मिळाला. घर उघडलं, पण देवघराची किल्ली दिलीच नाही. ती बायनरी लिनक्स २.४ साठी बनवलेली होती. त्यामुळे जग २.६ वर गेलं तरी हे डबे कित्येक वर्षं जुन्या कर्नललाच बांधलेले राहिले.

तरी मिळाला तेवढा कोड घेऊन लोक कामाला लागले. सुरुवातीच्या फर्मवेअरमध्ये पिंग करून बघायचं एक पान होतं. तिथे पत्त्याच्या जागी चलाखीनं कमांड लिहिली की राउटर ती गपगुमान चालवायचा. ही चक्क सिक्युरिटीची चूक, पण तिच्याच आधारानं लोकांनी 'बूट_वेट' हे सेटिंग चालू केलं. त्यामुळे राउटर चालू होताना काही सेकंद थांबायचा आणि नवं फर्मवेअर आत घ्यायचा. काही बिघडलंच तर परत यायची वाट राहायची.

मग स्वीसॉफ्ट आलं. फर्मवेअर चांगलं होतं, पण वर्षाला २० डॉलर मागायला लागले आणि त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. त्यातून जर्मनीतल्या सेबास्टियन गॉटशालचं डीडी-डब्ल्यूआरटी पुढे आलं. एकच फाइल चढवा, ढीगभर सेटिंग्ज मिळवा. जोनाथन झराटेचं टोमॅटो आलं, ज्यात वापराचे आलेख लाइव्ह दिसायचे. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनडब्ल्यूआरटीचा विचार वेगळा होता. फ्लॅशचा एक भाग कायमचा, दुसरा लिहिता येणारा, आणि हवं ते पॅकेज नंतर बसवायचं. थोडक्यात, राउटर म्हणजे एक छोटा लिनक्स कॉम्प्युटर. मला अर्थातच हेच आवडतं, पण मी इंजिनिअर आहे, माझं मत धरू नका.

२००५ मध्ये लिंकसिसनं त्याच नावाचा, तसाच दिसणारा व्हर्जन ५ बाजारात आणला. आत फ्लॅश २ एमबी, रॅम ८ एमबी, आणि लिनक्सच्या जागी व्हीएक्सवर्क्स. दुकानातून आनंदानं घरी आणलेल्या डब्यात जुनी फर्मवेअर मावेचनात. नंतर डीडी-डब्ल्यूआरटीवाल्यांनी त्यासाठीही 'मायक्रो' आवृत्ती काढली, पण बरंच काही कापून. लिनक्सवाला जुना डबा लिंकसिसनं डब्ल्यूआरटी५४जीएल या नावानं वेगळा विकायला ठेवला, आणि तो पुढे बरीच वर्षं खपत राहिला! स्टिकरवरचा बारीक आकडा तेव्हापासूनच लोकांना रडवतोय.

दरम्यान अथेरोस चिपसाठी ॲथ९के हा पूर्ण खुला ड्रायव्हर आला आणि ओपनडब्ल्यूआरटीचा जोर तिकडे वळला. ब्रॉडकॉमशी करार करून त्यांचे ड्रायव्हर वापरायचा मार्ग डीडी-डब्ल्यूआरटीनं धरला. टोमॅटोचा आजचा वारस फ्रेशटोमॅटो, तो तर फक्त ब्रॉडकॉमवरच चालतो. म्हणजे 'कोणतं फर्मवेअर चांगलं' हा वाद आपण घालत बसतो, पण बहुतेक वेळा उत्तर डब्यातल्या चिपनं आधीच दिलेलं असतं. ब्रॉडकॉम असेल तर डीडी-डब्ल्यूआरटी किंवा फ्रेशटोमॅटो बघा. मीडियाटेक किंवा क्वालकॉम असेल तर ओपनडब्ल्यूआरटीकडे जा, फक्त तुमच्या मॉडेलचं आणि व्हर्जनचं नाव त्यांच्या यादीत आहे ना ते पाहून. मेमरीही बघा. ओपनडब्ल्यूआरटीला आता किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम लागते, आणि सुखानं चालायला १६ आणि १२८. फायबरवाल्यानं भिंतीवर लावून दिलेला डबा मात्र सोडून द्या, त्याच्यामागे आपला वेगळा राउटर जोडा.

सरकारही मध्ये येऊन गेलं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीनं कंपन्यांना विचारलं, की तुमच्या राउटरवर डीडी-डब्ल्यूआरटीसारखं बाहेरचं फर्मवेअर बसू नये म्हणून काय केलंय? बराच आरडाओरडा झाल्यावर भाषा बदलली. २०१६ मध्ये टीपी-लिंकला रेडिओच्या पॉवरवरून २ लाख डॉलर भरावे लागले, पण त्याच तडजोडीत बाहेरच्या फर्मवेअरला वाट ठेवायचंही कबूल करावं लागलं.

२०२४ च्या शेवटी ओपनडब्ल्यूआरटीनं स्वतःचाच राउटर काढला, 'ओपनडब्ल्यूआरटी वन'. त्यात फ्लॅशच्या दोन वेगळ्या चिप आहेत आणि एक खटका. मुख्य चिपवर गडबड झाली की खटका सरकवायचा आणि दुसरीवरून चालू करायचा. थर्ड इयरला हा मिळाला असता तर!

परवा सुट्टीला घरी गेलो तेव्हा टॉर्च लावून बाबांचा राउटर उलटा केला. व्हर्जन लिहून घेतलं, शोधलं, तर आत ब्रॉडकॉम. कंपनीनं अपडेट देणं कधीच थांबवलंय आणि त्याच वायफायवर बाबा बँकेची कामं करतात. फ्रेशटोमॅटोच्या यादीत मॉडेल सापडलं, फाइलही उतरवून घेतली. तेवढ्यात बाबांनी विचारलं, "नेट बंद नाही ना पडणार? सात वाजता मॅच आहे."

लॅपटॉप मिटला. पुढच्या खेपेला मीडियाटेकवाला एक राउटर सोबत नेतोय, तो लागला की मग जुन्यावर हात घालीन.