१४३४ नंबरची खिडकी

मंडळी, मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेण्यात माझी उभी हयात गेली. आज सांगायची तारीख कुठल्या लढाईची नाही. २५ जानेवारी २००३, शनिवार. आपल्याकडे सकाळचे अकरा वाजले असताना 'एसक्यूएल स्लॅमर' नावाचा किडा इंटरनेटवर सुटला. माझी भाची डेटाबेस सांभाळते, तिच्याकडून हे प्रकरण मी नीट समजून घेतलं.

डेटाबेस सर्व्हर म्हणजे कचेरीतला दप्तरखाना. त्याच्याशी बोलायच्या वाटा अनेक. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये शेअर्ड मेमरी ही घरातल्या घरात, त्याच यंत्रावरच्या प्रोग्रामांसाठी. नेम्ड पाइप्स ही मुख्यतः ऑफिसातल्या जाळ्यासाठी. आणि टीसीपी/आयपी ही परगावाहूनही येता येईल अशी, तिचं नेहमीचं दार १४३३. कुठली वाट चालू ठेवायची नि कुठली बंद, हे ठरवणं म्हणजे प्रोटोकॉल कॉन्फिगर करणं. नाव भारदस्त, काम रखवालदाराचं!

एसक्यूएल सर्व्हरच्या २००० या आवृत्तीत एकाच यंत्रावर अनेक दप्तरखाने मांडायची सोय झाली. मग आलेल्याला कुठल्या दाराशी जायचं ते कोण सांगणार? त्यासाठी चौकशीची खिडकी आली, यूडीपी पोर्ट १४३४. या खिडकीवरच्या कारकुनाला प्रमाणाबाहेर लांब चिठ्ठी दिली, की तो गडबडून चिठ्ठीतला मजकूर हुकूम समजून पाळायचा. डेव्हिड लिचफील्ड यांनी हा दोष शोधला आणि मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्ये दुरुस्तीही दिली. सहा महिने गेले, तरी हजारो यंत्रांवर ती बसवलेली नव्हती. त्यात एक मेख होती. याच सर्व्हरची 'एमएसडीई' नावाची धाकटी आवृत्ती इतर सॉफ्टवेअरच्या पोटात येत असे. आपल्या घरात दप्तरखाना आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हतं, मग खिडकी लावणार कोण?

किडा होता अवघा ३७६ बाइटचा. देवनागरीतल्या एकेका चिन्हाला हल्ली तीन बाइट लागतात, म्हणजे मराठीत दोन ओळीसुद्धा धड झाल्या नसत्या. टीसीपी म्हणजे टेलिफोन, पलीकडून 'हॅलो' आल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. यूडीपी म्हणजे पोस्टकार्ड, पेटीत टाकलं की पुढचं लिहायला मोकळे. म्हणूनच २००१ च्या 'कोड रेड' किड्याला दुप्पट व्हायला ३७ मिनिटं लागत होती, तर हा सुरुवातीला साडेआठ सेकंदांत दुप्पट होत होता. दहा मिनिटांत त्याने लागण होऊ शकणाऱ्या यंत्रांपैकी नव्वद टक्के गाठली. किमान ७५,००० यंत्रं!

गंमत म्हणजे त्याने कुणाचा डेटा चोरला नाही की पुसला नाही. नुसत्या पोस्टकार्डांच्या ढिगाऱ्याने रस्ते तुंबले. दक्षिण कोरियात इंटरनेट ठप्प झालं, बँक ऑफ अमेरिकाच्या बहुतेक एटीएममधून पैसे निघेनात. ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात सुरक्षेची आकडेवारी दाखवणारी यंत्रणा जवळजवळ पाच तास बंद पडली. केंद्राला फायरवॉल होती, पण किडा कंत्राटदाराच्या जोडणीतून, फायरवॉलला वळसा घालून आत शिरला होता. नशीब, अणुभट्टी तेव्हा आधीपासूनच बंद होती. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली ही सर्वांत गंभीर गोष्ट, पण बोलबाला एटीएमचाच जास्त झाला. असो.

२००५ च्या आवृत्तीपासून एक्सप्रेस आणि डेव्हलपर या आवृत्त्यांत टीसीपी/आयपी मुळातच बंद मिळू लागलं. चौकशीची खिडकीही 'एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर' नावाने वेगळी काढली, नको असेल तर बंद करता येते. भाची म्हणते, नवी मुलं हमखास कुरकुरतात की सर्व्हर बसवला पण दुसऱ्या यंत्रावरून लागतच नाही. मग ती त्यांना कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडायला लावते. टीसीपी/आयपी चालू करायचं, पोर्ट ठरवून द्यायचा आणि सेवा पुन्हा सुरू करायची, नाहीतर बदल लागू होत नाही. जोडणाऱ्याला पोर्ट ठाऊक असला की १४३४ ची गरज उरत नाही. तिच्याकडे ती खिडकी बंदच असते.