साथीची वर्षे आणि मुलींचे कॉलेज

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. शाळेत आपण तेवढेच पाठ केले. परंतु स्वयंपाकघरात, जेवणे आटोपल्यावर, नवराबायकोच्या हलक्या बोलण्यात जे निर्णय होतात, त्यांनीही पुढची पिढी घडते किंवा बिघडते; आणि त्यांची नोंद मात्र कोणत्याच बखरीत होत नाही. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत अशा एका विषयाची नोंद राहावी, म्हणून हे चार शब्द लिहीत आहे. साथीच्या काळात आईबापांनी मुलांच्या, आणि विशेषतः मुलींच्या, पुढच्या शिक्षणाचे काय केले, हा तो विषय.

२०२० साली कोरोना आला, तेव्हा जो तो म्हणू लागला, “असे पूर्वी कधी झाले नव्हते.” पण तसे नाही. आपल्या पणजीच्या काळी याहून भयंकर प्लेग आला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पाहता पाहता मुंबई ओस पडू लागली. लोक मिळेल त्या वाटेने गावाकडे निघाले. पुढच्या वर्षाच्या आरंभी साथ पुण्यात पोहोचली. घरे तपासायला गोरे शिपाई आले, ते माजघरात आणि देवघरातही शिरले. रोग्यांना उचलून छावणीत नेत आणि घरातल्या इतरांना वेगळे ठेवीत. लोक गावाबाहेर झोपड्या बांधून राहू लागले. अशा वेळी शाळा कोठली आणि अभ्यास कोठला?

त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. जिने मुलींच्या हाती पाटी दिली, तिला साथीने नेले. मुलींच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना हा दिवस विसरून चालणार नाही.

आता त्या काळी साथीतून वाचलेल्या घरांनी मुलांच्या कॉलेजाचा प्रश्न कसा सोडवला, ते पाहू. नाशिकजवळील भगूरच्या सावरकरांच्या घरचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १८९९ साली वडील दामोदरपंत प्लेगने गेले. घरचा भार थोरल्या बंधूंवर आला. विनायकरावांची मॅट्रिक १९०१ मध्ये झाली. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले आणि सासरे भाऊराव चिपळूणकर यांनी जावयाच्या कॉलेजशिक्षणाला हात दिला. १९०२ मध्ये ते फर्ग्युसनमध्ये दाखल झाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे यात वावगे काही नव्हते. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लग्नाने मुलाच्या कॉलेजाचे दार उघडत असे. मुलीचे लग्न झाले की तिचे शाळेचेही दार बहुधा कायमचे मिटत असे. एकच मंगलकार्य, पण दोघांना त्याचे फळ निराळे!

तरीही त्याच वर्षांत मुलींसाठी दोन मोठी कामे झाली, आणि दोन्ही साथीमुळे गावाबाहेर गेली. पंडिता रमाबाईंनी १८९७ साली दुष्काळातून सोडवलेल्या मुली पुण्यात आणल्या. शहरात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या आपल्या जमिनीवर नेले आणि तेथे मुक्ति सदन उभे राहिले. दुसरे काम अण्णासाहेब कर्व्यांचे. १८९६ मध्ये त्यांनी विधवा बायकांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुण्यात प्लेग वारंवार येऊ लागला, तेव्हा आश्रम शहरात ठेवणे धोक्याचे झाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे सुमारे ६ एकर जागा आणि झोपडी बांधायला ७५० रुपये दिले. १९०० साली आश्रम तेथे गेला. अण्णासाहेब फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत आणि कॉलेज सुटले की चिखल तुडवीत पायी हिंगण्यास जात. त्या झोपडीतून पुढे १९०७ मध्ये महिला विद्यालय आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले.

माझ्या अल्पमतीने या इतिहासाचा अर्थ असा. साथ शाळा बंद करते. पण शिक्षण बंद करायचे की नाही, हे माणसे ठरवतात. ज्यांनी ठरवले की शाळा हलवू पण मोडू देणार नाही, त्यांच्या शाळा टिकल्या. १९१८ च्या इन्फ्लुएंझात देशातील एक कोटीहून अधिक माणसे गेली, तरी दोनच वर्षांपूर्वी निघालेले ते महिला विद्यापीठ चालूच राहिले.

आता आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या इतिहासाकडे येते. मार्च २०२० मध्ये दहावीची परीक्षा चालू होती. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २५ पासून देशभर टाळेबंदी आली आणि २३ तारखेचा भूगोलाचा पेपर राहून गेला तो राहूनच गेला. पुढे तो रद्द केला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीने गुण दिले. नववी आणि अकरावीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही रद्द झाली. बारावीचा निकाल १६ जुलैला आणि दहावीचा २९ जुलैला लागला. दहावीचे ९५.३० टक्के उत्तीर्ण झाले. आदल्या वर्षी हा आकडा ७७.१० होता. पेढे वाटायला शेजारच्या घरी जायची मात्र सोय नव्हती.

खरी कसोटी पुढेच होती. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर आणि अमरावती या भागांत अकरावीचे प्रवेश संगणकावरून होत. अर्जाचा भाग एक, मग भाग दोन, कॉलेजांचे पसंतिक्रम, कोणत्या यादीत नाव लागले ते पाहणे, हे सारे घरात बसून करायचे. सप्टेंबरात मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि प्रवेश थांबले, ते नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा सुरू झाले. इकडे वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा मे महिन्यातून जुलैत आणि जुलैतून १३ सप्टेंबरवर गेली. आजारामुळे ज्यांची हुकली त्यांच्यासाठी ती १४ ऑक्टोबरला पुन्हा घेतली. इंजिनिअरिंगची राज्याची सीईटी ऑक्टोबरात झाली. वर्षभर मुले अभ्यासाला बसत होती आणि तारीख पुढे जात होती. तापलेल्या तव्यावर पोळी टाकायची की नाही, हेच कोणी सांगत नव्हते!

माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या आईला तो अर्ज भरता येणे कठीणच. परंतु सेवा केंद्रे बंद, नातेवाईक दूर; तेव्हा अनेक बायका मुलींच्याच शेजारी बसून हे शिकल्या. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, कोणता कागद कोठून आणि किती दिवसांत मिळतो, हे आज आपल्या मंडळातल्या कित्येकींना तोंडपाठ आहे, ते तेव्हापासून.

घरात फोन बहुधा एकच. तो वडिलांबरोबर कामावर जाई, नाहीतर भावाच्या तासाला लागे. बहिणीने मागून त्याची वही उतरवून घ्यायची. रेंजसाठी कोणी गच्चीवर बसे, कोणी पाण्याच्या टाकीपाशी. “मुलाला नोकरी करायची आहे, त्याचे बुडायला नको,” असे म्हणणारी माणसे वाईट नव्हती. हातात पैसा नव्हता आणि फोन एक होता. पण त्या एका फोनाची वाटणी हीच मुलीच्या शिक्षणाची वाटणी होती, हे ज्या आयांनी ओळखले, त्यांनी घरात वेळापत्रक लावले: सकाळी हा, दुपारी ती. मला तर अण्णासाहेबांच्या झोपडीएवढेच या वेळापत्रकाचे मोल वाटते.

याहून मोठा मोह निराळाच होता. २०२० मध्ये लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये तर २५ माणसे आणि २ तास, एवढ्यातच लग्न उरकायचे असा नियम झाला. ना मांडव, ना पंगती, ना मानपान. ज्या बापाने आयुष्यभर लग्नाच्या खर्चाचा धसका घेतला, त्याला वाटले, ही संधी पुन्हा यायची नाही. शाळा बंद, मुलगी घरात, काम सुटलेले, लोकही म्हणत, “उरकून टाका.” गावोगावचे बालविवाह रोखल्याच्या बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांत येत. मुलीला १८ वर्षे पुरी झाल्यावाचून लग्न लावणे २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे माहीत असूनही हे चालले होते.

आमच्या आळीतले एक घर सांगते; नाव सांगत नाही. मुलगी २०२० मध्ये चांगल्या गुणांनी दहावी झाली. वडील टेम्पो चालवीत. टेम्पो चार महिने दारात उभा होता. जुलैतच स्थळ आले. मुलगा बरा, देणेघेणे नाही. आत्याबाईंनी भावाला सांगितले, “दादा, पन्नास माणसांत होतेय. सोन्यासारखे स्थळ आहे, नाही म्हणू नकोस.” मुलीची आई एरवी नणंदेपुढे शब्द काढणारी नव्हे. ती म्हणाली, “वन्सं, ती अजून सोळाची आहे. स्थळे पुढेही येतील. कॉलेजची यादी काही आपल्यासाठी थांबणार नाही.” दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिने आपल्या पाटल्या गहाण टाकून एक जुना फोन आणि अकरावीची फी आणली. ती मुलगी आज परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. पाटल्या सोडवायला तीन वर्षे लागली. त्याच आळीत त्या दोन वर्षांत आणखी दोघींची लग्ने झाली. त्यांच्या संसाराला माझे आशीर्वादच आहेत. पण त्यांतली एक अजून दहावीची पुस्तके जपून ठेवते, हेही येथे लिहून ठेवते.

२०२१ मध्ये दुसरी लाट आली. २० एप्रिलला दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि ३ जूनला बारावीची. दहावीचे गुण असे ठरले: नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या वर्षभरच्या कामाचे ३०, तोंडी व प्रात्यक्षिकाचे २०. “नववीत कमी पडले तर दहावीत भरून काढू,” असे आपण मुलांना सांगत आलो. येथे नववीच उलटून अंगावर आली, आणि तीही अर्ध्या परीक्षेची. बारावीला दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीचे ४० टक्के धरले. दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला आणि बारावीचा ९९.६३. सारेच पास, मग प्रवेश कोणाला? अकरावीसाठी २१ ऑगस्टला वेगळी सीईटी ठेवली होती; मुले अभ्यासाला बसली, तोच १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. आईबापांनी कोणत्या आधारावर बेत करावेत?

काही घरांत तर बेत करणारेच उरले नाहीत. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्याने ५ लाख रुपये ठेव म्हणून ठेवण्याचे ठरवले आणि केंद्राने वयाच्या २३ व्या वर्षी १० लाख देण्याची योजना केली. हे चांगलेच झाले. परंतु एकटी आई राहिलेल्या घरांची संख्या मोठी होती, आणि अशा घरात थोरल्या मुलीच्या खांद्यावर आधी चूल येते, मग पुस्तक.

हळूहळू दारे उघडली. २० ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातील महाविद्यालये पुन्हा भरू लागली आणि मार्च २०२२ मध्ये दहावी-बारावीच्या लेखी परीक्षा पूर्वीप्रमाणे झाल्या. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली आहे. ज्या मुली त्या दोन वर्षांत शिक्षणात टिकून राहिल्या, त्यांच्यापैकी काहींना त्याचा लाभ होऊ शकला. ज्या निघून गेल्या, त्यांच्यापर्यंत कोणतीही माफी पोहोचत नाही. साथीत सोडलेला हात साथ संपल्यावर आपोआप परत मिळत नाही, हाच यातला धडा आहे.

म्हणून मंडळापुढे दोन गोष्टी नम्रपणे मांडते. पहिली, आपल्या भागातल्या ज्या मुलींचे शिक्षण २०२० आणि २०२१ मध्ये सुटले, त्यांची एक वही करावी. दहावी-बारावीची परीक्षा बाहेरून १७ नंबरचा अर्ज भरून देता येते. लग्न झालेलीलाही देता येते. एकीचे नाव जरी त्या वहीतून परीक्षेच्या यादीत गेले, तरी वहीचे चीज झाले. दुसरी, आपल्या भिशीतून दरवर्षी थोडी रक्कम मुलींच्या प्रवेशाच्या वेळेसाठी बाजूला ठेवावी, म्हणजे पुन्हा कोणा आईला त्या दिवशी पाटल्या काढाव्या लागणार नाहीत.

साथी पूर्वी आल्या, पुढेही येतील. आपल्या नातींनी हा अंक कधी काळी उघडला, तर त्यांना कळावे की त्या दिवसांत आपल्या आज्या नुसत्या काढा उकळीत बसल्या नव्हत्या. एका फोनाची वाटणी आणि एका लग्नाचा नकार यांसाठीही त्या झगडल्या होत्या. एवढे सांगून हा लेख पुरा करते.