एकेक पळी तेल

चाळीसगावहून पाटणादेवीला जाणारी बहुतेक मंडळी धबधबा, जंगल आणि देवीचं दर्शन एवढं करून परततात. देवळातल्या शिलालेखासमोर फार कोणी थांबत नाही. तो शके ११२८ चा आहे, म्हणजे आठशे वर्षांहून जुना. यादव राजा सिंघणाच्या दरबारी चांगदेव नावाचे ज्योतिषी होते, भास्कराचार्यांचे नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी पाटण्यात मठ काढला. आजच्या भाषेत, एकाच लेखकाच्या गणितावर चालणारी उच्च शिक्षण संस्था.

लेखाचा वरचा भाग संस्कृतात आहे. त्यात घराण्याची वंशावळ, राजाची स्तुती, सगळं रीतसर. शेवटी पैशांचा विषय येतो आणि भाषा बदलून मराठी होते. गावच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा मठाला, आणि जेवढे तेलघाणे चालतील त्या प्रत्येकामागे एकेक पळी तेल. मला हा भाग वरच्या सगळ्या संस्कृतपेक्षा जास्त आवडतो. विद्यापीठ काढणं सोपं असतं, दिव्यात तेल कोण घालणार हे ठरवणं अवघड, आणि ते ज्यांच्याकडून घ्यायचं त्या तेल्यांना कळेल अशाच भाषेत लिहावं लागतं.

हा लेख १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून जगासमोर आणणारा माणूस इतिहासाचा प्राध्यापक नव्हता. तो मुंबईत प्रॅक्टिस करणारा डॉक्टर होता. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या म्युझियमवर त्याचं नाव आहे: डॉ. भाऊ दाजी लाड.

गोव्यात जन्मलेले भाऊ मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले आणि तिथेच शिकवू लागले. काठेवाड आणि कच्छमधल्या बालिकाहत्येवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळालं. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हा शिक्षकाची नोकरी करणारा हा तरुण परत विद्यार्थी झाला.

मुंबईत त्याआधी, १८२६ मध्ये, देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी एक शाळा निघाली होती. डॉ. जॉन मॅक्लेनन तिचे प्रमुख होते. सहा वर्षांत सरकारने ती बंद केली. ग्रँट कॉलेज इंग्रजीतून चालणार होतं. वैद्यक मराठीतून शिकवता येतं का, हा वाद आपण अजून घालतो. मुंबईपुरता तो प्रयोग १८३२ मध्येच गुंडाळला गेला होता.

१८५१ मध्ये ग्रँटची पहिली तुकडी बाहेर पडली. आठ जण. त्यात भाऊ होते, पुढे प्रार्थना समाज काढणारे आत्माराम पांडुरंग होते, आणि जे. सी. लिस्बोआ होते, ज्यांनी मुंबई इलाख्यातल्या उपयुक्त वनस्पतींवर गॅझेटियरचा अख्खा खंड लिहिला. आठ डॉक्टरांच्या बॅचमधून एवढं. या लोकांना ‘तुमचं स्पेशलायझेशन काय’ हा प्रश्न विचारलेला कळलाच नसता.

भाऊंनी दवाखाना थाटला आणि भाऊ नारायण दाजी यांच्यासोबत गरिबांना फुकट औषध देणारा धर्मार्थ दवाखानाही चालवला. प्रॅक्टिस जोरात होती. त्या फीच्या पैशातून ते पोथ्या, नाणी आणि शिलालेखांचे ठसे जमवत. यूजीसी, फेलोशिप, प्रोजेक्ट ग्रँट यांतलं काहीच नव्हतं. पेशंटच्या खिशातून आलेला पैसा गुप्त राजांच्या कालगणनेवर खर्च होत होता.

आर्यभटाचंच घ्या. त्या काळी युरोपीय अभ्यासकांकडे आर्यभटाचं नाव होतं, मूळ ग्रंथ नव्हता, आणि त्याच नावाच्या दुसऱ्या, नंतरच्या गणितज्ञामुळे गोंधळ वाढला होता. भाऊंनी मलबारकडून आर्यभटीयाच्या पोथ्या मिळवल्या. आर्यभट त्यात स्वतःच हिशेब देतो: कलियुगाची ३६०० वर्षं संपली तेव्हा मी २३ वर्षांचा होतो. कलियुगाची ३६०० वर्षं संपतात इसवी सन ४९९ मध्ये. त्यातून २३ वजा केले की ४७६. आपण शाळेत पाठ केलेलं आर्यभटाचं जन्मवर्ष या वजाबाकीतून आलंय. वजाबाकी कोणीही करेल. पोथी शोधून काढणं, ती खरी कोणत्या आर्यभटाची हे ठरवणं आणि ते छापून सगळ्यांच्या तपासणीला ठेवणं हे काम होतं.

छापणं महत्त्वाचं होतं, कारण त्यांचं सगळंच बरोबर नव्हतं. अजिंठ्याच्या लेण्यांमधले लेख त्यांनी १८६० च्या दशकात वाचून प्रसिद्ध केले, त्यात वाकाटकांचा महत्त्वाचा लेख होता. पुढे बुलर यांनी तो सुधारला, विसाव्या शतकात वा. वि. मिराशींनी पुन्हा. आम्ही कोड लिहिणारे याला साधी, रोजची गोष्ट मानतो: पहिलं व्हर्जन कच्चं असतं, पण ते रिपॉझिटरीत असलं तर दुसऱ्याला दुरुस्त करता येतं.

आणि इथेच भाऊंच्या कुष्ठरोगाच्या कामाशी मला भांडावंसं वाटतं.

कुष्ठरोगावर ते कडू कवठीच्या बियांचं तेल वापरत होते. हे झाड चौलमुगऱ्याच्या जवळचं. कलकत्त्यात फ्रेडरिक माऊटने १८५४ मध्ये चौलमुगऱ्याची माहिती इंग्रज डॉक्टरांपुढे मांडली होती, त्यामुळे दिशा अजिबात चुकीची नव्हती. १९४० च्या दशकात सल्फोन गटातली औषधं येईपर्यंत जगभर याच जातीच्या तेलांवर भिस्त होती. पण आर्यभटाचा हिशेब लंडनला पाठवणाऱ्या भाऊंनी आपलं औषध नेमकं काय आहे हे बराच काळ उघड केलं नाही. त्यावर टीका झाली. पुढे अर्धांगवायूने ते खचले आणि ३१ मे १८७४ रोजी गेले. अजिंठ्याच्या वाचनातली चूक मिराशींना सापडू शकली. तेलाची मात्रा, रोगी, किती बरे झाले, किती नाही, याचा तसा पूर्ण तपशील त्यांच्या हातून छापून आला नाही.

गंमत अशी, की जिथे गप्प राहायला हवं होतं असं आपण आज म्हणू, तिथे ते बोलले. १८६२ च्या गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात करसनदास मुळजींच्या बाजूने साक्ष देताना त्यांनी कोर्टात सांगितलं, की जदुनाथजी महाराजांच्या उपदंशावर मी उपचार केले आहेत. पेशंटचा आजार, भर कोर्टात. त्या साक्षीने एका बलाढ्य धर्मगुरूविरुद्ध सत्य बाहेर आलं आणि करसनदास सुटले. आजच्या वैद्यकीय नीतीत हे सरळ बसत नाही. तरी मी त्या कोर्टात बसलो असतो तर भाऊंच्या बाजूने असतो, हेही खरं.

भाऊंच्या निबंधांमागे अजून एक माणूस आहे. जुनागढचा भगवानलाल इंद्रजी. गिरनारच्या पायथ्याशी अशोक, रुद्रदामन आणि स्कंदगुप्त या तिघांचे लेख एकाच खडकावर आहेत. जेम्स प्रिन्सेपने लावलेल्या अक्षरांचा तक्ता हाताशी घेऊन हा पोरगा पंधरा-सोळाव्या वर्षी ते वाचायला लागला. १८६१ मध्ये तो भाऊंकडे मुंबईला आला. त्यानंतर लेण्यांत चढणं, ठसे घेणं, नकला करणं, नाणी शोधणं हे भगवानलालांचं काम, आणि सोसायटीच्या सभेत इंग्रजीत निबंध वाचणं भाऊंचं. भगवानलालांना इंग्रजीत लिहिता येत नव्हतं. नियतकालिकाच्या पानावर लेखक म्हणून नाव एकाचंच येई.

भाऊंनी त्यांना राबवून घेतलं, असं म्हणणं मला पटत नाही. प्रवासाचा खर्च भाऊंचा होता, विद्याही दोन्हीकडून जात होती, आणि १८६५ च्या शेअर बाजाराच्या धुळधाणीत हात पोळल्यावरही त्यांनी हे काम सोडलं नाही. पण कमिट हिस्टरीत एकाचंच नाव दिसतं, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही. भाऊ गेल्यानंतर भगवानलालांनी गुजरातीत लिहिलं, ते बुलर आणि इतरांनी इंग्रजीत आणलं. नेपाळचे शिलालेख १८८० मध्ये असेच छापून आले, या वेळी त्यांच्या नावाने. १८८२ मध्ये त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप खणला. लायडन विद्यापीठाने कॉलेजची पायरी न चढलेल्या या पंडिताला मानद डॉक्टरेट दिली.

डॉक्टरांची ही परंपरा भाऊंवर थांबली नाही. गोव्याचेच जेर्सन द कुन्हा मुंबईत डॉक्टरकी करता करता चौल आणि वसईचा इतिहास लिहीत होते. त्यांनी १८७७ मध्ये सह्याद्रिखंडाची संहिता संपादित केली आणि १९०० मध्ये मुंबईच्या उगमावर मोठा ग्रंथ दिला. कोकणच्या इतिहासावर काम करणाऱ्याला त्यांना वळसा घालून जाता येत नाही.

भाऊ गेले त्याच १८७४ मध्ये हेंड्रिक केर्नने आर्यभटीय लायडनला छापलं. भाऊंचे विखुरलेले निबंध १८८८ मध्ये एकत्र पुस्तकरूपाने निघाले, आणि तेही मुंबईत नाही, कलकत्त्यात. त्याच वर्षी भगवानलाल वारले. गुजरातच्या इतिहासाचं त्यांचं अर्धवट राहिलेलं हस्तलिखित पूर्ण केलं ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्याने. तेच जॅक्सन, ज्यांना १९०९ मध्ये नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या.