तीळ, कर्करोग आणि पेशीविभाजनाचा लगाम

त्वचेतील पेशी सतत झिजतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. हे पेशीविभाजन केव्हा सुरू व्हावे व केव्हा थांबावे, हे काही विशिष्ट प्रथिने ठरवितात. त्यांच्यात बिघाड झाल्यास त्वचेत गाठ निर्माण होऊ शकते. त्वचेला रंग देणाऱ्या रंजकपेशींपासून होणारा मेलानोमा हा अशा गाठींपैकी विशेष घातक कर्करोग होय.

पेशीविभाजनाला चालना देणारी प्रथिने दोन गटांतील असतात : सायक्लिन आणि त्यांच्या साहाय्याने कार्य करणारी 'सीडीके' ही विकरे. पेशीचक्राच्या या नियंत्रकांविषयीच्या संशोधनाबद्दल लेलँड हार्टवेल, टिम हंट व पॉल नर्स यांना २००१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. 'आरबी' हे प्रथिन एरवी विभाजन रोखून धरते. सायक्लिन-डी व सीडीके-४ यांची जोडी त्याला निष्प्रभ करते, तर पी-१६ हे प्रथिन सीडीके-४ ला आवर घालते. थोडक्यात, पी-१६ हा विभाजनाचा लगाम होय.

मेलानोमाच्या अनेक गाठींमध्ये बी-रॅफ या जनुकात बदल झालेला असतो, हे २००२ मध्ये उघड झाले. या बदलामुळे पेशीला विभाजनाचा आदेश अखंड मिळत राहतो. मात्र पुढच्याच वर्षी हाच बदल बहुसंख्य निरुपद्रवी तिळांतही आढळला. मग प्रत्येक तिळाचा कर्करोग का होत नाही? तिळातील पेशी काही काळ वाढतात. नंतर पी-१६ सारखी प्रथिने त्यांना थोपवतात आणि त्या वर्षानुवर्षे तशाच राहतात. हा लगाम सुटला, तरच धोका वाढतो. काही कुटुंबांत पी-१६ च्या जनुकातील दोष आनुवंशिक असतो, हे १९९४ मध्ये दिसून आले. अर्थात, प्रत्येक मेलानोमा तिळातूनच उद्भवतो असे नाही.

गोऱ्या त्वचेत सूर्याची अतिनील किरणे हे या रोगाचे प्रमुख कारण असते. सावळ्या त्वचेला रंगद्रव्याचे संरक्षण लाभते. त्यामुळे भारतीयांत हा रोग विरळा आहे. परंतु तळपाय, तळहात व नखांखाली होणाऱ्या मेलानोमाचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. तेथे सायक्लिन-डी१ च्या जनुकाच्या अनेक प्रती तयार झालेल्या पुष्कळदा आढळतात. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्यावर असाच मेलानोमा झाला होता. १९८१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

बदललेल्या बी-रॅफला रोखणारे व्हेम्युराफेनिब हे औषध २०११ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याने गाठी आक्रसतात. पण अनेकदा काही महिन्यांत त्या पुन्हा डोके वर काढतात. म्हणूनच वेळीच निदान होणे महत्त्वाचे. तळपायावरील काळा डाग कुरूप समजून किंवा नखाखालची पसरणारी काळी रेघ मार लागल्याची खूण समजून दुर्लक्षू नये. आकार वा रंग बदलणारा, वेड्यावाकड्या कडांचा अथवा ६ मिलिमीटरपेक्षा मोठा तीळ त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा. रोग त्वचेच्या वरच्या थरांत असतानाच शस्त्रक्रिया झाली, तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.