शुक्राणूची उमेदवारी

शुक्राणू पोहू लागला की तो कामाचा झाला, असा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेकांचा समज होता. तरीही काचपात्रात त्याची बीजांडाशी गाठ घालून दिली, तर फलन काही होत नसे. यशाचे जे दावे झाले, ते इतरांना पटत नसत.

कोडे सुटले 1951 साली, तेही एकाच वेळी दोन खंडांत. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर फाउंडेशनमध्ये चिनी वंशाचे मिन च्युएह चांग आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन, दोघेही स्वतंत्रपणे एकाच उत्तराशी पोचले. सशाच्या मादीचे बीजांड समागमानंतर साधारण दहा तासांनी सुटते, त्यामुळे वेळेचा हिशेब नेमका ठेवता येतो. बीजांड सुटल्यावर ताजे शुक्राणू थेट बीजवाहिनीत सोडले, तर फलन क्वचितच होई. तेच काही तास आधी सोडले, तर हमखास होई. म्हणजे नराच्या शरीरातून शुक्राणू अर्धकच्चाच निघतो आणि मादीच्या शरीरात त्याला सहाएक तास उमेदवारी करावी लागते. ऑस्टिन यांनी 1952 साली या प्रक्रियेला ‘कपॅसिटेशन’ हे नाव दिले.

1957 साली चांग यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तयार झालेले शुक्राणू वीर्यातल्या द्रवात पुन्हा ठेवले की त्यांची क्षमता जाते आणि मादीच्या शरीरात ठेवले की परत येते. याचा अर्थ, त्यांना रोखून धरणारे घटक खुद्द वीर्यातच असतात. पुढे 1959 साली त्यांनी समागम झालेल्या मादीच्या गर्भाशयातून शुक्राणू काढून काचपात्रात फलन घडवले आणि ती बीजांडे दुसऱ्या माद्यांत सोडली. पिल्ले जन्मली, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. 1963 साली यानागिमाची आणि चांग यांनी हॅम्स्टरचे शुक्राणू मादीच्या शरीराबाहेरच तयार करून दाखवले.

उमेदवारीत नेमके काय घडते, हे जीवरसायनशास्त्राने हळूहळू उलगडले. वीर्यातली प्रथिने शुक्राणूच्या पृष्ठभागावरून सुटतात. अल्ब्युमिन त्याच्या आवरणातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. आवरण सैल पडते, बायकार्बोनेट व कॅल्शियम आत शिरतात आणि आतल्या प्रथिनांवर फॉस्फेट चढते. या शेवटच्या टप्प्याचा माग व्हिस्कोंटी, कॉफ आणि सहकाऱ्यांनी 1995 साली उंदरांच्या शुक्राणूंत काढला. मग शेपटीचे फटकारे जोरकस होतात आणि बीजांडाचे कवच भेदण्याची ताकद येते.

ऑस्टिन नंतर केंब्रिजला गेले. तिथले त्यांचे विद्यार्थी बॅरी बाविस्टर यांनी हॅम्स्टरसाठी बेतलेला द्रवच मानवी फलनावर काम करणारे संशोधक रॉबर्ट एडवर्ड्स यांच्या उपयोगी पडला आणि 1969 साली मानवी बीजांडाचे काचपात्रातले फलन जाहीर झाले. 1978 साली अशा फलनातून जगातले पहिले बाळ, लुईस ब्राउन, जन्मले. 1986 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात इंदिरा हिंदुजा आणि आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून असेच बाळ, हर्षा, जन्मले. आज आययूआयपूर्वी, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्यापूर्वी, वीर्य धुऊन घेतात, त्यामागच्या कारणांपैकी एक चांग यांनी सशांवर 1957 सालीच दाखवले होते.